कारो-कान: पाचव्या चालीला एच६, दहाव्या चालीला राजीनामा. नेमकं चुकलं कुठं?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. लातूरच्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेतला डाव देतोय, ओपनिंग (डावाची सुरुवात) कारो-कान. वेळ ९० मिनिटं, शिवाय दर चालीला ३० सेकंद. काळ्याकडून बारा वर्षांची मुलगी, अजून रेटिंग नाही. पांढऱ्याचं रेटिंग साधारण सोळाशेच्या घरात.

खुणा: रा, व, ह, उं, घो म्हणजे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा. प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, # म्हणजे मात, ०-० म्हणजे कॅसलिंग, ?? म्हणजे घोडचूक. आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. घो जीएफ६ म्हणजे जी ओळीतला घोडा एफ६ ला.

१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घो सी३ डी×ई४ ४. घो×ई४ घो डी७ ५. घो जी५ एच६ ६. घो ई६ व ए५+ ७. उं डी२ व बी६ ८. उं डी३ एफ×ई६ ९. व एच५+ रा डी८ १०. उं ए५ आणि काळ्यानं डाव सोडला.

पाचवी चाल वाईट आहे हे मान्य. पण याच ओपनिंगमध्ये पुढं तीन चालींनी काळा एच६ खेळतोच, आणि तिथं ती बरोबर म्हणतात. मग लेकराला समजवायचं कसं? "एच६ खेळू नको" सांगितलं तर पुढच्या डावात जिथं पाहिजे तिथंही खेळणार नाही. दुसरं, सहाव्या चालीनंतर डाव वाचला असता का? आणि नऊ दिवसांवर नांदेडची स्पर्धा आहे, तर ४...घो डी७ ठेवायचं की बदलायचं?

तिरका_उंट

आधी पट मांडा, हे डोक्यातल्या डोक्यात करू नका. पाचव्या चालीला काळ्याचा राजा ई८ वर बघा. डी८ ला स्वतःचा वजीर, डी७ ला घोडा, ई७ ला प्यादं, एफ८ ला उंट. एफ७ चं प्यादं हललं तर तेवढं एक घर मोकळं होतं. देवगिरीला वर चढायला एकच वाट, तसंच हे. आणि त्या वाटेवर बाहेरून पहारा बसला की आतला माणूस संपला.

आता एच६ नं काय केलं ते बघा. जी६ या घराला दोन राखणदार होते, एफ७ आणि एच७. एच६ खेळल्याबरोबर एक गेला. दुसरा एफ×ई६ मारताना जातो. म्हणून ६. घो ई६ ला लगेच मारलं तर ७. व एच५+ जी६ (दुसरी चालच नाही) ८. व×जी६#. घोडा फुकट दिसतोय म्हणून लेकरं हात घालतात. ध्यानात ठेवा, ई६ चा घोडा मारू शकणारं काळ्याकडं एकच प्यादं आहे. स्पर्धेत त्या घोड्याला बोट लावलं की मारावंच लागतं, आणि मारलं की दोन चालींत मात. त्यामुळं पहिला धडा ओपनिंगचा नाहीच. अनपेक्षित बळी आला की दोन्ही हात मांडीखाली.

तुमच्या मुलीनं तिथं मारलं नाही, हे चांगलंच केलं. पण व ए५+ हा शह पांढऱ्याच्या कामाचा. त्यानं पांढऱ्याचा उंट फुकटात डी२ वर येऊन बसला, आणि तिथून ए५ एका झेपेवर आहे. शेवटची चाल हीच होती ना? शह न देता सरळ ६...व बी६ खेळली असती तर सी७ राखलं गेलं असतं आणि वजीरही घोड्याच्या माऱ्यातून सुटला असता. मग ७. घो×एफ८ घो×एफ८. पांढऱ्याचे दोन उंट राहिले, काळ्याचा एकच; पांढरं बरं, पण डाव चालू.

शह दिल्यावर मात्र ७...व बी६ हे एकच घर होतं. सी७ सोडलं की घोडा तिथं शह देतो. व डी५ किंवा व एफ५ ला ८. घो सी७+, डी५ वर वजीरच जातो, एफ५ वर ए८ चा हत्ती. व ई५+ दिसतं छान, पण डी४ चं प्यादं वजीर खातं.

आता डाव गेला ती आठवी चाल. ८...घो जीएफ६ खेळायला हवं होतं. त्यानं एच५ चं घर राखलं जातं, ९. घो×एफ८ नंतर पुन्हा तेच: वाईट पण जिवंत. ८...व×बी२ नको, कारण ९. घो सी७+ आणि हत्ती गेला. ८...एफ×ई६ नंतर ९. व एच५+ ला रा डी८, मग १०. उं ए५ आणि वजीर राजासमोर जखडला. उंट खावा तर एच५ चा वजीर पाचव्या आडव्या ओळीतून ए५ पर्यंत मोकळा आहे, तो परत खातो.

पांढऱ्याकडून शिकवत असाल तर एक बारीक गोष्ट. ९...जी६ आलं तर १०. उं×जी६+ खेळायचं, वजिरानं नाही मारायचं. वजीर जी६ ला गेला की पाचवी ओळ सुटली, आणि रा डी८ नंतर उं ए५ ला काळा वजीर शह देऊन उंट खातो.

चौसष्ट_घरं_बीड

वरचं सगळं बरोबर. पण विचारणाऱ्याचा खरा प्रश्न "एच६ कधी" हा आहे. वाफसा आला का नाही बघितल्याशिवाय तिफण धरत नाहीत. एच६ चं तसंच. चाल तीच, वेळ वेगळी, निकाल वेगळा. मी पोरांकडून हे एकाच बैठकीत पाच पट मांडून करून घेतो.

पहिला पट तुमचाच, ५...एच६. ई७ वर प्यादं आहे, राजा कोंडलेला, मग ६. घो ई६.

दुसरा: ५...घो जीएफ६ (हीच बरोबर चाल) ६. उं डी३ आणि आता ६...एच६. लेकरांना वाटतं घोडा एफ६ वर आला, एच५ राखलं गेलं, आता भीती नाही. ७. घो ई६ एफ×ई६ ८. उं जी६#. इथं वजिराची गरजच पडत नाही, डी३ चा उंटच मात करतो. कारण तेच: जी६ ला दोन्ही राखणदार नाहीत आणि ई७ चं प्यादं राजाच्या वाटेत.

तिसरा: ६...ई६ ७. जी१ चा घोडा एफ३ आणि आता ७...एच६. याच्याबद्दल खाली विचारलंच जाईल, तेव्हा लिहितो.

चौथा बराच जण विसरतात. पांढरा ५. उं सी४ खेळला: ५...घो जीएफ६ ६. घो जी५ ई६ ७. व ई२. आता घो×एफ७ ची धमकी आहे. बरोबर उत्तर ७...घो बी६, त्यानं सी८ च्या उंटाची वाट उघडते, ई६ राखलं जातं आणि सी४ च्या उंटावर हल्लाही होतो. त्याऐवजी ७...एच६ खेळलं तर ८. घो×एफ७ रा×एफ७ ९. व×ई६+ रा जी६ १०. उं डी३+ रा एच५ ११. व एच३#. हा शेवट पटावर एकदा करून बघा. जी५ ला सी१ चा उंट धरतो, जी६ ला डी३ चा, जी४ आणि एच४ ला वजीर. पोरांना हे चित्र एकदा दिसलं की डोळ्यांतून जात नाही.

पाचवा, जिथं एच६ हवंच: तिसऱ्या पटातल्या ७. घो एफ३ पर्यंत तेच, मग ७...उं डी६ ८. व ई२ एच६. उंट एफ८ सोडून डी६ ला गेलाय, म्हणून राजाला ई७ आणि तिथून एफ८ अशी वाट आहे. आता ई६ चा बळी दिला तर पांढऱ्याला मोबदला पुरत नाही. म्हणून तो ९. घो ई४ मागं घेतो: ९...घो×ई४ १०. व×ई४.

लेकराला सांगायचं वाक्य एवढंच: ४...घो डी७ च्या डावात एच६ खेळण्याआधी एफ८ चा उंट निघालाय का ते बघ. चाल क्रमांक पाठ करायला लावू नका. पांढऱ्यानं क्रम बदलला की पाठांतर कोलमडतं.

गोदाकाठ_परभणी

हे फार कामाचं. वहीत उतरवून घेतलं. पण तिसरा पट कळाला नाही. ७ व्या चालीला ई६ झालेलं असतं, म्हणजे ई७ मोकळं. मग राजा ई७ ला जाईल की. तरी एच६ वाईट?

चौसष्ट_घरं_बीड

राजा जातो, म्हणूनच मात होत नाही. पण जातो कुठं? स्वतःच्या उंटासमोर. एफ८ चा उंट कोंडला, त्यामागं एच८ चा हत्ती कोंडला. घोड्याच्या बदल्यात पांढऱ्याला एक प्यादं मिळतं, पण काळ्याचे मोहरे बराच वेळ बाहेरच येत नाहीत.

ही चाल खेळून हरणाऱ्यांत साक्षात कास्पारोव्ह आहे. ११ मे १९९७, न्यूयॉर्क, डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सामन्याचा सहावा आणि शेवटचा डाव: ७...एच६ ८. घो×ई६ व ई७ ९. ०-० एफ×ई६ १०. उं जी६+ रा डी८ ११. उं एफ४ बी५ १२. ए४ उं बी७ १३. ह ई१ घो डी५ १४. उं जी३ रा सी८ १५. ए×बी५ सी×बी५ १६. व डी३ उं सी६ १७. उं एफ५ ई×एफ५ १८. ह×ई७ उं×ई७ १९. सी४ आणि राजीनामा. एकोणीस चाली.

आठवी व ई७ का, हे लेकराला विचारा, चांगला सराव होतो. ई६ चा घोडा आणि ई१ चा राजा एकाच उभ्या ओळीत आहेत. वजीर ई७ ला आला की घोडा जखडला, त्याला एफ८ चा उंट खाता येत नाही. पांढऱ्यानं कॅसलिंग केलं की जखड सुटते, पण तोपर्यंत घोडा मारायची पाळी काळ्याची. आणि त्याची किंमत म्हणजे ई७ वरचा वजीर स्वतःच्याच उंटाला बूच लावून बसतो. ११. उं एफ४ नंतर पट फिरवून काळ्याच्या बाजूनं बसा आणि एफ८ चा उंट कधी बाहेर येईल ते मोजा. तो पहिल्यांदा हलतो अठराव्या चालीला, तेही ई७ वरचा हत्ती खायला, वजीर गेल्यावर.

उदगीरचा_हत्ती

दोघांनी लिहिलंय ते खरं, पण नऊ दिवसांत बारा वर्षांच्या लेकराला पाच पट? माझं मत, ४...घो एफ६ घ्या. ५. घो×एफ६+ ई×एफ६. पांढऱ्याचा तो त्रासदायक घोडाच कटला. जी५ नाही, ई६ नाही, ५. व ई२ नंतर घोड्यानं डी६ वर होणारी मात नाही.

पुढं सरळ: उं डी६, कॅसलिंग, ह ई८, घो डी७, मग घोडा एफ८ वर. क्रम असा येतो: ६. सी३ उं डी६ ७. उं डी३ ०-० ८. व सी२ ह ई८+ ९. घो ई२ आणि इथं थांबून बघायचं. डी३ चा उंट आणि त्यामागं वजीर, दोघांचा नेम एच७ वर. ९...एच५ खेळायचं. म्हणजे इथं एच६ नाही, थेट दोन घरं. प्यादं नेमातून निघतं आणि पुढं एच४ ची धमकीही राहते. हे विसरून घो डी७ खेळलं तर १०. उं×एच७+ ला प्यादं पडतं.

एवढ्यात बहुतेक डाव निभावतात.

तिरका_उंट

लेकराला सोपं आहे, नाही म्हणत नाही. पण त्याची किंमतही सांगा की. ई×एफ६ नंतर वजिराच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी, काळ्याची तीन. राजाच्या बाजूला काळ्याची चार, पण त्यातली दोन एफ ओळीत एकामागं एक, त्यामुळं तिथून नवं पुढारलेलं प्यादं निघणं अवघड. सगळे मोहरे कटून नुसती प्यादी राहिली तर काळ्याचा डाव बहुतेक वेळा हरलेला असतो. म्हणून तिला एक नियम ठाम सांगा: या ओपनिंगमध्ये "कटू द्या, बरोबरी होईल" असं नाही. एक तरी हत्ती किंवा वजीर पटावर ठेवायचा. लहान मुलं घाबरली की मोहरे कापत सुटतात, आणि हे ओपनिंग नेमकं तिथंच अंगाशी येतं.

तिसरा पर्याय जुनाच, ४...उं एफ५. ५. घो जी३ उं जी६ ६. एच४ एच६. आणि बघा, इथं सहाव्या चालीला एच६ हवंच! नाही खेळलं तर ७. एच५ ला जी६ चा उंट अडकतो. एफ५, ई४, एच५ सगळीकडं जी३ च्या घोड्याची नजर. एच६ मुळं एच७ हे घर मिळतं. २०१३ च्या चेन्नईच्या जगज्जेतेपद सामन्यात दुसऱ्या डावात कार्लसननं आनंदविरुद्ध हेच खेळलं होतं, २५ चालींत बरोबरी. घोडा डी७ ला नसल्यानं राजाला डी७ ची वाटही राहते.

घो डी७ च ठेवायचं ठरवलं, तर ५. व ई२ दाखवायला विसरू नका. ५...घो जीएफ६?? ६. घो डी६#. ई७ चं प्यादं घोडा खाऊ शकत नाही, कारण ई२ च्या वजिरापुढं ते जखडलेलं. १९३५ मध्ये पाल्मा इथं आलेखिननं हीच मात दिली होती. उत्तर सोपं, ५...ई६ किंवा ५...घो डीएफ६. व ई२ दिसलं की "हा वजीर आपल्याच उंटाच्या वाटेत का आला?" असं विचारायची सवय लावा.

आणि मुख्य धाग्यात १०. व×ई४ नंतर काय, ते कोणी लिहिलं नाही. १०...घो एफ६ ११. व एच४ आलं तर ११...रा ई७! दिसायला विचित्र. पण राजा ई८ वर असताना जी५ खेळता येत नाही. घो×जी५ एच×जी५ व×एच८+ होऊन हत्ती पडतो. राजा ई७ ला गेला की डी८ च्या वजिराची नजर आठव्या ओळीतून थेट एच८ पर्यंत पोचते, हत्ती राखला जातो आणि जी५ ची धमकी खरी होते. हे आवडत नसेल तर १०...व सी७ खेळा, मात्र मग ११. व जी४ ला रा एफ८. दोन्हीकडं कॅसलिंग गेलंच. ज्या लेकराला कॅसलिंग झाल्याशिवाय चैन पडत नाही त्याला ४...घो डी७ देऊ नका. माझ्या मते निवड यावरच करावी, सापळ्यांच्या संख्येवर नाही.

चौसष्ट_घरं_बीड

शेवटच्या वाक्याशी सहमत. एक राहिलं, दहाव्या चालीचा राजीनामा. तो घाईचा होता. १०. उं ए५ घो जीएफ६ (वजिरावर हल्ला) ११. उं×बी६+ शह आहे म्हणून पांढऱ्याला वेळ मिळतो, ११...ए×बी६ आणि मग पांढरा वजीर हलवतो. आता मोजा: काळ्याचा वजीर गेला, बदल्यात एक घोडा आणि एक उंट मिळाला. प्यादी दोघांची सात-सात. ए ओळ हत्तीला मोकळी. हरलेलाच आहे, ई ओळीत दोन प्यादी एकामागं एक आणि राजा डी८ वर. पण समोर सोळाशेचा खेळाडू आहे, पुढं तीस-चाळीस चाली त्याला खेळाव्या लागतील. "वजीर गेला" आणि "वजिराच्या बदल्यात दोन मोहरे आले" यात फरक आहे. राजीनाम्याआधी बोटांवर मोजायला लावा.

नऊ दिवसांचं म्हणाल तर ४...उं एफ५ किंवा ४...घो एफ६ यांतलं एक उचला. रोज तासभर पुरतं: अर्धा तास ओळ, अर्धा तास त्याच स्थितीपासून दहा-दहा मिनिटांचे डाव, तुम्ही पांढरे. तुम्ही दर डावाला पाचवी चाल बदलायची, तिला सांगायचं नाही. घो डी७ चे पाच पट तरीही दाखवा, पांढऱ्याकडून. पांढरे मोहरे घेऊन बसली की नांदेडला कोणी ५...एच६ खेळलं तर गुण तिचाच.

गोदाकाठ_परभणी

मंडळी, आभार. ४...उं एफ५ ठरवलं. कॅसलिंगशिवाय तिला झोप लागत नाही हे खरंच आहे.

जाता जाता: वर मी मराठी अक्षरांत चाली लिहिल्या तशा तिनं स्पर्धेच्या स्कोअरशीटवर लिहिल्या तर पंच हरकत घेतील का? घाईत ती उंटाला इंग्रजी अक्षर लिहिताना गोंधळते आणि खाडाखोड होते.

उदगीरचा_हत्ती

मोहऱ्याचं अक्षर आपल्या देशात रूढ असलेल्या नावाचं वापरायला फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत मुभा आहे. घो, उं, ह चालतं. घरांची नावं मात्र छापील पटावर आहेत तीच, ए ते एच च्या रोमन अक्षरांत, आकडेही तसेच ठेवा. तंटा झाला तर पंचाला वाचता आलं पाहिजे. पहिल्या फेरीआधी पंचांना एकदा शीट दाखवून ठेवा. ३० सेकंदांची भर असलेल्या डावात शेवटपर्यंत लिहावंच लागतं, पाच मिनिटं राहिली तरी सूट नाही. आधी चाल, मग लिहिणं. चाल आधी लिहून ठेवायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.